ओट्यासमोरचा डोळा

माझे आजोबा पुण्यात बिबवेवाडीला राहत होते आणि आम्ही बहरीनमध्ये, हमद टाउनला. तरी ते दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात असत. त्यांना सगळे नाना म्हणत, आम्ही नातवंडंही. आजी गेली, दिवसकार्य उरकलं, आणि बाबांची रजा संपायला आली तेव्हा नाना म्हणाले की मी तिकडे येणार नाही. ते एकदा महिनाभर येऊन गेले होते. रस्ते गुळगुळीत, फुटपाथ रुंद, आणि चालणारं माणूस एक नाही, अशा गावात मी काय करू, असं त्यांचं म्हणणं. मग बाबांनी त्यांच्या परीने तोड काढली. दोन टॅब घेतले. एक नानांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या शोकेसवर ठेवला आणि दुसरा आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारच्या टाइल्सवर स्टँड ठोकून त्यात बसवला. सकाळी बाबा शिफ्टला निघताना कॉल लावत, तो रात्री नाना झोपायला जाईपर्यंत चालू. बोलायचं असं काही नाही, नुसतं चालू ठेवायचं. "म्हणजे ते घरात असल्यासारखं होईल," बाबा म्हणाले. तसं ते झालंच. त्यांच्या गल्लीतल्या भंगारवाल्याची आरोळी आमच्या ओट्यावर ऐकू यायची, आणि आमच्या दुपारच्या अजानवर नाना तिकडे भिंतीवरचं घड्याळ लावायचे, अडीच तासांचा हिशेब करून. आमच्याकडे आलेले पाहुणे दचकत. फ्रीज उघडावा आणि बाजूने कोणी "काय, कसं काय" म्हणावं, म्हणजे दचकणारच.

नाना शाळेत पर्यवेक्षक होते. वर्ग चालू असताना व्हरांड्यातून हळू चालत जायचं आणि खिडकीतून आत पाहायचं, हेच त्यांनी नोकरीभर केलं. त्यांचं बोलणं कधी वाकडं नसे. "वैशाली, फोडणी करपतेय बघ." "वैशाली, फ्रीजचं दार उघडं राहिलंय." "आज भाजी कालचीच का गं? असू दे, असू दे, मी आपलं विचारलं." वैशाली म्हणजे माझी आई. ती हसून "हो नाना" म्हणे आणि गॅस कमी करी. पण त्या टॅबने तिच्यात काय काय बदललं ते मला फार हळूहळू दिसत गेलं. आधी ती दुपारपर्यंत गाऊनवर असायची, आता सकाळी उठल्याबरोबर पंजाबी ड्रेस आणि ओढणी. आधी पोळ्या लाटताना ती गुणगुणायची, शब्द न आठवता नुसती चाल, ते थांबलं. कढईतलं पिठलं उभ्या उभ्या, पोळीच्या तुकड्याने पुसून खाणं हा तिचा खास आनंद होता, तो गेला. मावशीशी बोलायचं असलं की ती फोन घेऊन बाथरूममध्ये जाई आणि नळ सोडी. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे बाबांना ती एरवी नावाने, "मंदार, तू" म्हणून हाक मारायची, पण स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला की ते "अहो" होत. हॉलमध्ये "मंदार, तुझा डबा भरला", आणि चार पावलं आत गेलं की "अहो, घेताय ना?" मी आणि माझा धाकटा भाऊ त्यावरून तिची खूप चेष्टा करायचो. तीही हसायची. त्या हसण्यात मला तेव्हा वावगं काही वाटलं नाही.

त्याच सुमाराला मला एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांचं वेड लागलं होतं. उद्याचं जग, आणि ते बिघडलेलं. शाळेच्या लायब्ररीत अशा इंग्रजी कादंबऱ्यांची वेगळी फळीच होती आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिला चिकटलेल्या असत. आमच्या इंग्रजीच्या मिस केरळच्या होत्या, बारीक, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधत फिरणाऱ्या. त्यांनी एकदा तासभर फळ्यावर लिहून दाखवलं की या गोष्टी कशा बनतात. एक सत्ता असते, ती कोणाला दिसत नाही पण सगळ्यांना तिचं नाव माहीत असतं. एक डोळा असतो, तो सतत पाहतो. एक भिंत असते, आणि भिंतीपलीकडे काय आहे याबद्दल खोटं सांगितलेलं असतं. सगळे एकसारखे राहतात, एकसारखे कपडे घालतात. माणसं गायब होतात आणि त्यांची नावं कोणी काढत नाही. जुन्या गोष्टी पुसलेल्या असतात, भाषा कापून छोटी केलेली असते. आणि मग एका कोणाला तरी, बहुधा आपल्याच वयाच्या, संशय येतो. शेवटी मिस म्हणाल्या ते मी आजही विसरले नाही. म्हणाल्या, लक्षात ठेवा, तिथे कोणीही "मी तुम्हाला छळतो" असं म्हणत नाही. सगळे म्हणतात, आम्ही तुमची काळजी घेतो. आता तुम्ही प्रत्येकाने एकेक असं जग बनवून आणा आणि वर्गात वाचा.

मला वाटलं, हे सोपं आहे, मी तर तिथेच राहते. हमद टाउनमध्ये घरं वाळूच्या रंगाची आणि एकसारखी, आणि पत्ता विचारला तर लोक रस्त्याचं नाव सांगत नाहीत, दवार म्हणजे गोल चौकाचा नंबर सांगतात. प्रत्येकाच्या खिशात रेसिडेंट कार्ड. बाबांच्या तोंडी सतत "कंपनी म्हणाली", "कंपनीच्या मनात काय आहे कोणास ठाऊक", आणि त्या कंपनीचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. वर्गातला एखादा बाक सोमवारी रिकामा दिसायचा, मागून कळायचं की त्या मुलाच्या वडिलांचा व्हिसा संपला, आणि आठवड्याभरात तिथे दुसरं कोणी बसायचं. भाषेचं म्हणाल तर आई-बाबा मराठीत विचारत आणि मी इंग्रजीत उत्तर देई, म्हणजे कापाकापी माझ्याच तोंडात चालली होती. मी जोरात लिहायला घेतलं. चार पानं झाली आणि माझ्या लक्षात आलं की यात भीती कुठेच नाही. कारण मला त्या गावाची भीती वाटतच नव्हती. ते माझं गाव होतं. धुळीचं वादळ आलं की सूर्य तांबडा होतो, तो मला आवडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस मला "यल्ला, चल चल, होमवर्क खलास?" म्हणून चिडवायचा, तो मला आवडायचा. मी ती पानं फाडली. आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, कोथिंबीर निवडत होती, आणि तिची मान अशी ताठ होती, जशी आमची परीक्षेत मिस मागे येऊन उभ्या राहिल्या की व्हायची. मी तिथेच उभी राहून पाहत राहिले. आईने वळून विचारलं, "काय गं, काय हवंय?" मी म्हटलं, "नथिंग."

गोष्ट दोन बैठकांत झाली. माझ्या शहरात प्रत्येक स्वयंपाकघरात एक डोळा बसवलेला होता, आणि त्याचं नाव रखवालदार. तो कोणाला रागवत नाही, शिक्षा करत नाही, फक्त मायेने सूचना करतो. दूध उतू जातंय. दार उघडं आहे. हे कालचंच आहे का? तो लोकांच्या भल्यासाठीच आहे हे सगळ्यांना मान्य असतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला शब्दच उरलेले नसतात. त्या शहरात एक बाई असते, ती गाणं विसरत जाते. एक दिवस तिची मुलगी लाटणं उचलून तो डोळा फोडते, भिंत खणत खणत तारेच्या मागोमाग जाते, मैल न् मैल जाते, आणि शेवटी पलीकडच्या खोलीत पोचते. तिथे कोणीच नसतं. एक यंत्र गुरगुरत असतं आणि धूळ साचलेली असते. कोणीच कधी पाहत नव्हतं. हा शेवट मला सुचला तेव्हा मी इतकी खूष झाले की उठून घरभर फिरले.

शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी असायची. त्या दिवशी आई सकाळीच जिदहफ्सच्या बाजारात जाऊन मासळी आणायची, आणि दुपारी शेरी या तिथल्या माशाचं कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी आणि भात असा बेत असायचा. शाळेत वाचायचं काही असलं की ते या जेवणानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच हात वाळवत, सगळ्यांसमोर एकदा वाचून दाखवायचं अशी बाबांची पद्धत. त्या शुक्रवारी मी वाचायच्या आधी टॅबकडे पाहिलं. नानांची खुर्ची रिकामी होती. आमच्याकडे दीड वाजला होता, म्हणजे तिकडे चार, आणि साडेचारपर्यंत नाना आतल्या खोलीत झोपतात हे आम्हाला पाठ होतं. रिकाम्या खुर्चीवर पंख्याची सावली फिरत होती. मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाला बाबा मान डोलावत होते. दुसऱ्या पानाला त्यांची मान थांबली. आईने ताटं उचलायला म्हणून हात पुढे केला होता, तो तसाच ताटावर राहिला. ती माझ्याकडे पाहत नव्हती, सोलकढीच्या वाटीत पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ते फार चांगलं लक्षण वाटलं. गोष्ट लागली असं मला वाटलं. मी शेवटचं वाक्य ठासून वाचलं, कोणीच कधी पाहत नव्हतं, आणि कागद खाली ठेवला.

तेवढ्यात टॅबमधून खाकरल्याचा आवाज आला. नाना आत गेलेच नव्हते. खुर्चीशेजारच्या दिवाणावर आडवे झाले होते, ते काही आम्हाला दिसत नव्हतं. आता उठून बसले तसं त्यांचं टक्कल पडद्याच्या कडेला दिसलं. नानांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा पक्कं होतं, हे सांगायला नकोच. "छान वाचलंस, सई," ते म्हणाले. "उच्चार स्वच्छ आहेत तुझे. घाई करत नाहीस ते चांगलं." मग त्यांचा हात मोठा मोठा होत पडद्यापर्यंत आला, अंगठा दिसला, आणि टॅब काळा झाला.

बाबांनी लगेच फोन लावला. नाना म्हणाले, नेट गेलंय. संध्याकाळी लावला, नेट गेलंय. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तब्येत उत्तम आहे, नेट तेवढं गेलंय. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की नानांना फोन करायचा आणि सॉरी म्हणायचं, ती नुसती गोष्ट होती म्हणून सांगायचं. मी तयारही झाले होते, कारण मला स्वतःलाच बरं वाटत नव्हतं. पण आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सई सॉरी म्हणणार नाही."

"का?"

"कारण ती नुसती गोष्ट नव्हती. तिने मला लिहिलंय, मंदार."

बाबा म्हणाले, "तुला त्रास होत होता तर बोलायचंस ना माझ्याशी."

"कुठे बोलू? स्वयंपाकघरात?"

मला आत पाठवण्यात आलं, पण फ्लॅटच्या भिंती पातळ. बाबा म्हणत होते की ते तिथे एकटे आहेत गं, मला प्लांटवर बसून निदान एवढं वाटायचं की नानांच्या सोबतीला घरचं माणूस आहे. आई म्हणाली, "तुझं मन हलकं झालं, ते मला दिसत होतं, म्हणून तर दोन वर्षं गप्प बसले. पण काळजी तुझी होती, आणि तू ती माझ्या ओट्यासमोर टांगलीस. घरी आलास की हात हलवून 'नाना, जेवलात?' म्हणतोस आणि उत्तर यायच्या आत अंघोळीला जातोस." ती हे ओरडून म्हणाली नाही. तिचा आवाज उलट खाली खाली जात होता. मी गादीवर पडून विचार करत होते की आता काय होणार. टॅब परत लागला तर आई गेली, आणि नाही लागला तर नाना गेले. दोघांपैकी एकाला गमवावं लागणार असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं, आणि ते ठरवणारं वाक्य मी लिहिलेलं होतं.

आता मी स्वतः नानांच्या वयाची झाले आहे, आणि टॅब ही वस्तू आता कोणाला आठवतही नाही. माझा मुलगा गेले काही महिने माझ्या मागे लागलाय की हातात तो पट्टा घाल, तू पडलीस तर मला लगेच कळेल. तो परदेशी असतो. त्याच्या बोलण्यात फक्त माया आहे, हे मला कळतं, आणि तरी माझी मान ताठ होते. मिसनी फळ्यावर लिहिलेली ती सगळी लक्षणं मी नंतर जन्मभर निरनिराळ्या ठिकाणी पाहिली, वर्तमानपत्रात पाहिली, ऑफिसात पाहिली, आणि त्यांना घाबरायला शिकले. पण घरातलं जे असतं ते फार अवघड. सत्तेविरुद्ध माणूस बंड करू शकतो. "फ्रीजचं दार उघडं राहिलंय" याविरुद्ध काय करणार? ते खरंच उघडं राहिलेलं असतं.

टॅब काळा होता त्या दिवसांत आई पुन्हा गाऊनवर वावरू लागली. एकदा मी तिला कढईतून पिठलं खाताना पकडलं, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. पण ते फार टिकलं नाही. पोळ्या करताना मध्येच ती म्हणे, "आज बुधवार ना, त्यांची केरफरशीची बाई बुधवारी येत नाही." किंवा, "आता ते पेपर वाचायला बाल्कनीत गेले असतील." तिला त्यांचं सगळं वेळापत्रक पाठ होतं. दोन वर्षं पाठमोरी उभी राहून तिने ते कानांनी गोळा केलं होतं. भंगारवाल्याची आरोळी नव्हती, त्यामुळे स्वयंपाकघर फारच शांत वाटायचं. ती फोन हातात घ्यायची आणि परत ठेवायची. मला सांगितलं नाही तरी मला कळत होतं, तिला फोन करायचा होता, पण त्या जागेवरून करवत नव्हता.

मग आमच्या गाडीचा एसी बिघडला. भर उन्हाळ्यात बहरीनमध्ये एसीशिवाय गाडी म्हणजे भट्टीच. बाबा शिफ्टला होते, म्हणून आई मला घेऊन, काचा खाली करून, घामाघूम होत तुबलीला हमीदभाईंच्या गॅरेजमध्ये गेली. हमीदभाई श्रीवर्धनचे, पांढऱ्या दाढीचे, आईला पहिल्यापासून वैनी म्हणायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "कंप्रेसर बसलाय, वैनी. घंटा-दोन घंटे जातील. पोरीला घेऊन केबिनमधी बसा, चाय सांगतो. इंशाल्ला आजच देतो." केबिन म्हणजे काचेची लहान खोली, टायरचा वास, बाहेर ग्राइंडरचा कर्कश आवाज. कागदी कपात कडक चहा आला. आईने दोन घोट घेतले, कप बाकावर ठेवला, आणि सरळ नानांना व्हिडिओ कॉल लावला. मला काही विचारलं नाही.

नानांनी उचलला. त्यांनी फोन हातात धरला होता, त्यामुळे चेहरा अगदी जवळ आला. मी दचकले. इतक्या जवळून मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलंच नव्हतं. शोकेसवरच्या टॅबमधून फार तर खुर्चीतली एक आकृती दिसायची, आणि तिच्याकडे आमच्यातलं कोणी लक्ष देऊन पाहत नव्हतं. गाल आत गेले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते.

"बोल वैशाली. ते नेट जरा..."

"नेट आहे, नाना. दिसताय तुम्ही मला." तिने फोन आणखी जवळ धरला. "दाढी किती वाढलीय."

"असू दे. कोण बघतंय आता."

बाहेर ग्राइंडर सुरू झाला आणि थांबला. नानांनी विचारलं, कसला आवाज. तिने सांगितलं की तुबलीला गॅरेजमध्ये बसलेय. "घरून हे बोलता आलं नसतं, नाना," ती म्हणाली. "सईवर रागावू नका. तिने लिहिलं ते खरंय. मला दिवसभर तुमच्यासमोर राहता येत नाही. तुम्ही कधी वाईट बोलत नाही, मला माहीत आहे. तरी नाही जमत. मला माझ्या घरात थोडा वेळ कोणीच नको असतं." बोलताना तिने फोन मांडीवर आडवा ठेवला होता, त्यामुळे नानांना बहुतेक छत आणि ट्यूबलाइटच दिसत असावी.

"मला कळलं होतं," नाना म्हणाले.

"कधी?"

"पहिल्या महिन्यातच. तू गुणगुणायची थांबलीस." त्यांनी गालावरून हात फिरवला. "मी बंद करायला हवा होता. पण मी बंद केला की परत कोण लावणार, असं वाटायचं. माझी चूकच ती." आई "नाही हो नाना" म्हणायला गेली आणि तिला ते म्हणता आलं नाही, कारण ते तिला पटलेलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

"सई आहे का तिथे?" नानांनी विचारलं. मी फोनसमोर झाले. "तुझी गोष्ट जमलीय. डोळा जमलाय, नियम जमलेत. शेवट चुकला. पलीकडे यंत्र नसतं गं. माणूस असतो."

"बट नाना, इट्स डिस्टोपिया."

"असू दे की. तिथेही कोणीतरी ड्यूटीवर असेलच ना? त्याला काय दिसतं ते तू लिहिलंच नाहीस."

मी माझ्या मोडक्या मराठीत विचारलं, "तुम्हाला काय दिसायचा?"

"तुझ्या आईची पाठ. फ्रीजचं दार. तुझे बाबा कोपरापासून मनगटापर्यंत." ते किंचित हसले. "तू पाणी प्यायला यायचीस तेव्हा तेवढा चेहरा दिसायचा. त्याच्यासाठी बसून राहायचो."

मला रडू फुटलं. आईने फोन स्वतःकडे वळवला आणि एकदम वेगळ्याच आवाजात, आम्हाला विचारते त्या आवाजात, विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो की."

"काय जेवलात? आतमध्ये जाऊन दाखवा मला."

नाना कुरकुरत उठले. फोन हलला, जमीन, चपला, दाराची चौकट, आणि मग आजीचं स्वयंपाकघर दिसलं. आजी गेल्यापासून ते आम्ही पाहिलंच नव्हतं. ओटा कोरडा ठणठणीत होता. गॅसवर चहाचं एक भांडं. टोस्टचा पुडा, दुधाची पिशवी, एक वाटी, एक चमचा. रोज बाहेरून जेवणाचा डबा यायचा त्याचं काय झालं, आईने विचारलं. फार तेलकट असायचा, बंद केला, ते म्हणाले. कधी? झाले बरेच दिवस. म्हणजे आम्ही शेरी तळत होतो आणि ते समोर खुर्चीत बसून पाहत होते, तेव्हाही आत त्यांच्या ओट्यावर हेच होतं. आईने डोळे पुसले आणि फोन नीट धरला.

"कुकर कुठे ठेवलाय?"

"वर. तुझ्या सासूने ठेवला होता तिथेच."

"काढा."

"आत्ता?"

"आत्ता. तूरडाळ आहे का बघा. नसली तर मूग चालेल. तांदूळ कशात आहेत? तो पिवळा डबा उघडा. हो, तोच. नाना, ओढणीवर नाही हो, पंच्याला हात पुसा." हे शेवटचं ती घाईघाईत काय म्हणून गेली कोणास ठाऊक, पण दोघंही हसले. नानांनी फोन एका बरणीला टेकवून उभा केला आणि डाळ धुवायला वळले. मनगट वाकवून त्यांनी पाणी ओतलं ते अर्धं बाहेर गेलं. आई सांगत होती, बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवा, हळद आत्ताच घाला, हिंग चिमूटभर, शिट्टी नीट बसवा, आवाज येईपर्यंत तिथून हलू नका. ते मुकाट्याने करत होते. त्यांच्या कानावर हळद लागली होती. आई काचेला टेकून उभी होती आणि फोन दोन्ही हातांत धरून त्यांच्याकडे पाहत होती, डोळा न हलवता.

टॅब आम्ही नंतर खाली काढला. रोज संध्याकाळी नाना फोन करायचे, आधी एक मिसकॉल देऊन. आईला वेळ असला तर ती उचलायची, नसला तर बाबांनी बसून बोलायचं असं ठरलं, आणि बाबा बसायला शिकले. नाना पुढचे बरेच महिने आईशी थोडे तुटकच वागले, ते काही मी लपवणार नाही. दुखलेलं होतं ते लगेच भरत नाही. मिसना ती गोष्ट दिली, मार्क किती मिळाले ते आठवत नाही. पण तुबलीची ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आहे. हमीदभाई हात पुसत आले, काचेचं दार ढकललं आणि म्हणाले, "वैनी, झाली तुमची गाडी. एकदम थंडी हवा. बघून घ्या."

"दोन मिनिटं थांबा, भाई," आई फोनवरून नजर न काढता म्हणाली. "अजून एक शिट्टी व्हायचीय."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनमधल्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीकडे पाहिलं. बाहेर वळून त्यांनी ग्राइंडरवाल्याला हाताने थांबायची खूण केली, आणि तेही आमच्या बाजूला उभे राहिले.